आंघोळ करणे, आंघोळ घालणे

रजिस्टरमध्ये दोनच रकाने होते. 'आंघोळ झाली' आणि 'आंघोळ नाकारली'. पुढे खोली नंबर, तारीख, सही. म्हाताऱ्या माणसांना सांभाळणाऱ्या नर्सिंग होममध्ये मी या कामाला लागले तेव्हा पहिल्या आठवड्यातच लक्षात आलं की दुसऱ्या रकान्यात कधी टिक दिसतच नाही. एवढी माणसं, त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांना डिमेन्शिया (आठवण आणि समज हळूहळू जाण्याचा आजार), आणि ठरलेल्या वारी सगळ्यांची आंघोळ झालेली, एकानेही कधी नको म्हटलेलं नाही. बाथरूमच्या दाराबाहेर उभं राहिलं की मात्र भलतंच ऐकू यायचं.

माझी पहिली आंघोळ नऊ नंबरच्या काकूंची. (आम्ही माणसांना खोलीच्या नंबराने ओळखायचो, त्याची लाज वाटायला मला बरीच वर्षं लागली, आता त्यांचं नाव इथे लिहायचं नाहीये म्हणून तोच नंबर सोयीचा पडतोय, काय बोलणार.) काकूंनी उभा जन्म ऑफिसात हिशेब लिहिण्यात घालवलेला. बोलणं अर्धं उरलेलं, पण अंगात ताकद भरपूर. माझ्याबरोबर एक जुन्या मावशी होत्या, त्या म्हणाल्या तू हात धर, मी पाणी घालते, पाच मिनिटांत उरकतं बघ. मी हात धरले. काकूंनी आधी नको नको केलं, मग ओरडल्या, मग चोर चोर म्हणून हाका मारल्या, मग मला चावायला आल्या, आणि शेवटी एकदम गप्प झाल्या. ते गप्प होणं मला तेव्हा यश वाटलं. बारा मिनिटांत काम झालं, कपडे घालून, भांग पाडून काकू खुर्चीत, रजिस्टरमध्ये टिक. माझ्या हातावर त्यांच्या नखांचे तीन ओरखडे होते, ते मी सगळ्यांना दाखवत फिरले. संध्याकाळी त्यांची बाही वर करताना दंडावर चार निळसर डाग दिसले, एका ओळीत. बोटांचे. माझ्या.

ते मी कुणाला दाखवले नाहीत.

आपल्या भाषेत एक गंमत आहे, म्हणजे गंमत कसली. मोठा माणूस आंघोळ करतो. बाळाला आंघोळ घालतात, गुरांना घालतात, आणि माणूस गेला की त्यालाही घालतात. करणे आणि घालणे यांच्यामध्ये जेवढा म्हणून काळ असतो तेवढं आपलं मोठं माणूस असणं. नर्सिंग होममध्ये आलेल्या माणसाचं हे क्रियापद पहिल्याच दिवशी बदलतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. "यांना आंघोळ घालायची आहे." "यांचे दात घासायचेत." "यांना बदलायचं राहिलंय." बदलायचं म्हणजे डायपर, पण वाक्यात डायपर नसतोच, माणूसच बदलायचा असतो.

मी ही एवढी वर्षं जे शिकले ते सगळं या 'घालणे'ला थोडं थोडं परत 'करणे'कडे नेण्याबद्दलच आहे. पूर्ण जात नाही ते. पण एखाद्या माणसाच्या हातात साबणाचं कापड राहिलं आणि त्याने निदान स्वतःची छाती पुसली तर तेवढी त्याने आंघोळ केली, बाकीची आपण घातली, असा हिशेब मी ठेवते.

काकू का ओरडत होत्या हे मला कळायला खूप उशीर लागला कारण मी त्यांच्या बाजूने बाथरूम कधी बघितलंच नव्हतं. बघा ना. तुम्हाला आत्ता कुठे आहोत ते कळत नाहीये, सकाळ की दुपार माहीत नाही. एक अनोळखी बाई येते (ती रोज येते, पण तुमच्यासाठी रोज नवी), काहीतरी भरभर बोलते, त्यातलं निम्मं डोक्यापर्यंत पोचायच्या आतच तुम्हाला उठवते आणि चालवत एका थंड खोलीत नेते. फरशी पांढरी, भिंत पांढरी, बेसिन पांढरं, काय कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते दिसत नाही. समोर गडद रंगाचं पायपुसणं, ते तुम्हाला खड्डा वाटतं म्हणून तुम्ही पाय टाकत नाही, आणि मागून कुणीतरी ढकलतं. आरशात एक म्हातारी उभी, तुमच्याकडे टक लावून बघतेय, आणि नेमकं तिच्यासमोरच तुमचे कपडे काढले जातात. मग अचानक पाण्याचा आवाज आणि थेट डोक्यावर धार. तुम्ही काय कराल? मी तरी चावले असते.

त्यात शरीराचं स्वतःचं काही असतं ते वेगळंच. सांधे दुखत असतात, आणि दुखतंय हे सांगायला शब्द नसतो, त्यामुळे हात वर केला की जो फटका येतो तो खरं म्हणजे 'खांदा दुखतो' असं म्हणत असतो. दुसरं म्हणजे पॅराटोनिया. डिमेन्शिया बराच पुढे गेला की दुसऱ्याने हात किंवा पाय हलवायला घेतला की तो आपोआप ताठ होतो, जेवढ्या जोरात आणि घाईने हलवाल तेवढा जास्त ताठ. माणूस मुद्दाम करत नसतो, त्याच्या हातात नसतंच ते. आणि आम्ही आपले "अहो काका हात सोडा ना, किती हट्टीपणा" म्हणत आणखी ओढायचो. सावकाश, सांध्याला खालून आधार देऊन हलवलं की तोच हात लोण्यासारखा सैल पडतो. हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर किती जणांचा हट्टीपणा त्या दिवशीच संपला असता.

ब्रिटनमधले मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी डिमेन्शियाच्या देखभालीत चांगल्या मनाची माणसंसुद्धा नकळत काय काय करतात याची यादीच केली होती. फसवणं, लहान मूल समजणं, वस्तूसारखं हाताळणं, दुर्लक्ष करणं वगैरे. त्यातलं मला सगळ्यात लागलेलं म्हणजे समोरच्याला झेपणार नाही अशा वेगाने सगळं करत सुटणं. आमचं अख्खं सकाळचं वेळापत्रक त्यावरच उभं होतं. नाईटवाले जायच्या आत एवढ्या आंघोळी, नाश्त्याच्या आत एवढ्या. 'उरकणे' हे आमचं मुख्य क्रियापद.

मग एक सिस्टर आल्या, बाहेर शिकून आलेल्या, आणि त्यांनी टॉवेल बाथ दाखवला. आम्ही सगळे तोंड दाबून हसलो होतो. माणूस पलंगावरच झोपलेला, अंगावर चादर. एका मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भला मोठा टॉवेल, दोन-तीन छोटी कापडं, त्यात कोमट म्हणण्यापेक्षा जरा गरमच पाणी आणि धुवावा न लागणारा साबण, अगदी थोडा. पिशवी दाबून दाबून टॉवेल सगळीकडून ओला करायचा आणि पिळायचा. मग वरची चादर सरकवत सरकवत तिच्या जागी हा गरम ओला टॉवेल पसरत न्यायचा, म्हणजे माणूस एक क्षणभरही उघडा पडत नाही. आणि मग टॉवेलच्या वरूनच हलक्या हाताने चोळत जायचं, पाय, मांड्या, पोट, हात. खांद्याशी आणि छातीवर टॉवेल नीट खोचलेला हवा, कारण तिथून गार हवा शिरली की सगळा खेळ संपला. चेहरा छोट्या कापडाने, शक्यतो त्यांच्याच हातून. मग कुशीवर वळवून पाठ, शेवटी वेगळ्या कापडाने खालची जागा, बायकांच्या बाबतीत नेहमी पुढून मागे. ना पाण्याचा आवाज, ना गारठा, ना आरसा. टॉवेल काढता काढता कोरडी उबदार चादर वर येत जाते. काही जण तर मध्येच घोरायला लागतात.

आम्ही हसलो ते "ही काय आंघोळ झाली का" म्हणून. पाणी अंगावरून वाहिल्याशिवाय स्वच्छ कसं होणार, असंच सगळ्यांना वाटतं, मलाही वाटायचं. पण हे मोजून झालेलं आहे. अमेरिकेत डॉ. फिलिप स्लोन, जोॲन रेडर, ॲन लुईझ बॅरिक वगैरे संशोधकांनी १५ नर्सिंग होममध्ये आंघोळीला विरोध करणाऱ्या रहिवाशांवर अभ्यास केला, २००४ साली तो प्रसिद्ध झाला. एका गटाला त्या त्या माणसाच्या कलाने शॉवर, दुसऱ्याला टॉवेल बाथ, तिसऱ्याला नेहमीसारखंच. मारणं, चावणं, ओरबाडणं असले प्रकार कलाने दिलेल्या शॉवरमध्ये ५३ टक्क्यांनी कमी झाले आणि टॉवेल बाथमध्ये ६० टक्क्यांनी. नेहमीच्या पद्धतीत तसा फरक पडला नाही. त्वचेवरचे घातक जंतू म्हणावे तसे काही वाढले नाहीत, उलट टॉवेल बाथवाल्यांची कातडी सुधारली. आणि वेळ? आमचं कायमचं रडगाणं, वेळ कुठेय. तर कलाने दिलेल्या शॉवरला सरासरी ३.३ मिनिटं जास्त लागली, टॉवेल बाथला जास्त लागलीच नाहीत. सव्वातीन मिनिटं हो. ओरखड्यांवर औषध लावायला त्याहून जास्त जातात.

(हे वाचून कुणा मालकाने "बघा, वेळ लागत नाही, मग माणसं कमी करा" असं म्हणू नये. सकाळच्या पाळीला एका बाईवर दहा-बारा जण टाकलेत तर तिथे कसली पद्धत आणि कसलं काय, तिथे फक्त उरकणंच होतं. मी उरकलेलं आहे, मला माहीत आहे.)

बाथरूममध्ये न्यायचंच झालं तर तेही जमतं, फक्त सगळं आधी तयार हवं. खोली आधी गरम करून ठेवायची, आरशावर टॉवेल टाकायचा, पायपुसणं फरशीच्या रंगाचं किंवा नकोच, शॉवर चेअरवर मऊ काहीतरी घालायचं कारण त्या भोकाच्या थंड सीटवर बसणं शिक्षाच आहे, आणि अंगावर एक टॉवेल कायम, भिजला तर भिजला. पाण्याचा अंदाज आधी आपल्या कोपराने किंवा मनगटाच्या आतल्या बाजूने, मग त्यांच्या हाताला लावून "हे चालेल का" असं विचारायचं. हँडशॉवर पायापासून वर. चेहरा आणि डोकं अगदी शेवटी किंवा त्या दिवशी नाहीच. आपल्याकडे न्हाणं आणि आंघोळ असे दोन वेगळे शब्द आहेत ते किती शहाणपणाचं आहे ते मला इथे कळलं. डोक्यावरून पाणी हीच बहुतेकांची सगळ्यात मोठी भीती असते, मग ते न्हाणं दुसऱ्या दिवशी, बसल्या बसल्या, केस धुतल्यासारखं करावं. दोन्ही एकाच दमात व्हायला हवं असा नियम कुणी केलाय?

आणि रोज अख्खी आंघोळ पाहिजेच असंही नाही. हे मी लिहिलं की नातेवाईक अंगावर येतात, एका मुलीने माझ्याशी यावरून कडाक्याचं भांडण केलं होतं, आईला तीन दिवस आंघोळ नाही म्हणून. मी तिच्या जागी असते तर मीही भांडले असते, तिला आई स्वच्छ दिसणं म्हणजे आईला कुणीतरी जपतंय याची एकमेव खूण होती. पण म्हातारी कातडी कागदासारखी होते, रोजच्या साबणाने तिचं तेल जातं, खाज सुटते, ती खाजवली की जखम. तोंड, हात, काखा, छातीखालच्या आणि पोटाच्या घड्या, जांघा आणि शी-शूची जागा, एवढं रोज नीट झालं, घड्या कोरड्या टिपल्या, बाकी अंगाला क्रीम लागलं की बाकीची आंघोळ आठवड्यातून दोनदा झाली तरी बऱ्याच जणांना भागतं. त्या मुलीला मी एक दिवस टॉवेल बाथच्या वेळी थांबवून घेतलं. ती काही बोलली नाही, आईच्या पायाला क्रीम लावत बसली. नंतर यायची तेव्हा क्रीम लावणं तिच्याकडेच असायचं.

कातडीवरून आठवलं, अल्झायमर (डिमेन्शियाचाच एक प्रकार) हे ज्या डॉक्टरचं नाव त्या आलोइस अल्झायमरने १९०१ साली फ्रँकफर्टच्या इस्पितळात ज्या बाईला तपासलं ती ऑगस्टे डेटर तेव्हा ५१ वर्षांची होती. १९०६ च्या एप्रिलमध्ये ती गेली, त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याने ट्युबिंगेनला तिच्या केसवर व्याख्यान दिलं, आणि १९१० मध्ये क्रेपलिन या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने आपल्या ग्रंथात या आजाराला अल्झायमरचं नाव दिलं. तिची फाइल हरवलेली होती ती १९९५ मध्ये फ्रँकफर्टलाच सापडली. एवढं सगळं त्या मेंदूबद्दल लिहिलं गेलं, पण ती गेली कशाने तर बेडसोअरमधून, म्हणजे पडून पडून झालेल्या जखमेतून, अंगात पसरलेल्या जंतुसंसर्गाने. शेवटी शेवटी ती अंथरुणाला खिळलेली होती, कपड्यातच सगळं व्हायचं. या आजाराची पहिली नोंद झालेली रुग्ण, आणि जीव गेला पाठीच्या जखमेपायी. मी हे वाचलं तेव्हा नाईट होती. उठले आणि दोन जणांची कूस बदलून, टाचा उशीवर अधांतरी करून आले, वेळ झालेली नव्हती तरी. त्या काळात ना आजच्यासारख्या गाद्या होत्या ना क्रीमं, त्यांना नावं ठेवत नाही मी. पण ओली कातडी, एकाच जागी दाब, आणि चादर ओढताना होणारं घर्षण, तेव्हाही तेच होतं, आताही तेच आहे.

ओलं म्हटलं की डायपर. आमच्याकडे एक काका होते, बारा नंबर, ते संध्याकाळी अस्वस्थ व्हायचे, पँट ओढायचे, येरझाऱ्या घालायचे, कोपऱ्यातल्या कुंडीशी जाऊन उभे राहायचे. चार्टवर लिहिलेलं असायचं 'संध्याकाळी गोंधळ घालतात'. अहो त्यांना लघवीला लागलेली असायची. संडास सापडत नव्हता, पांढऱ्या खोलीतलं पांढरं भांडं दिसत नव्हतं, आणि कुंडी दिसत होती. सीट लाल रंगाची बसवली, दार उघडं ठेवून आतला दिवा चालू ठेवला, आणि दर दोन तासांनी "चला, जरा पाय मोकळे करू" म्हणून तिकडून फेरी. कुंडी वाचली. काका डायपर घालत होतेच, पण कोरडा निघायला लागला. डायपर सोयीचा असतो, नक्कीच असतो, पण कुणाच्या सोयीचा हे अधूनमधून विचारावं.

भिजलेले कपडे उशीखाली, कपाटात, कधी खिशात लपवणारी माणसं मी खूप बघितली. लपवतात म्हणजे लाज शाबूत आहे. सगळं विसरलं तरी लाज फार उशिरा जाते, काहींची जातच नाही. म्हणून कपड्यात झालं तर नाक मुरडायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही, "पाणी सांडलंय वाटतं, बदलून घेऊ या का" एवढंच म्हणायचं. ही थाप आहे का? असेल. मला चालते. आणि नेहमी वेळेवर जाणारा माणूस अचानक कपड्यात करायला लागला किंवा एका दिवसात एकदम जास्त बावचळला तर ते आजार वाढल्याचं म्हणून सोडून देऊ नये, लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, नवीन औषध, काहीही असू शकतं, डॉक्टरला दाखवावं.

आता तोंड. तोंडाकडे सगळ्यात कमी लक्ष, कारण कपड्याआड नसलं तरी ओठांआड असतं, नातेवाइकांना दिसत नाही. आणि सगळ्यात जास्त विरोध तिथेच होतो, साहजिक आहे, दुसऱ्याने तुमच्या तोंडात काही घालणं ही गोष्ट कुणालाच सहन होत नाही. पण जपानमध्ये ताकेयोशी योनेयामा या दंतवैद्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११ नर्सिंग होममध्ये दोन वर्षं अभ्यास केला होता, २००२ साली छापून आला. नियमित तोंड साफ केलेल्यांमध्ये न्युमोनिया झाला शंभरात ११ जणांना, न केलेल्यांमध्ये १९ जणांना. तोंडातले जंतू लाळेबरोबर फुफ्फुसात उतरतात ना, गिळणं बिघडलेलं असतं त्यामुळे. मी नव्या मुलींना सांगते, ब्रश हातात घेतला की तू दात घासत नाहीयेस, छाती सांभाळतेयस.

कसं करायचं? रीटा जॅब्लॉन्स्की म्हणून अमेरिकेतल्या नर्स-संशोधक आहेत, त्यांचं सगळं काम यावरच आहे, विरोध म्हणजे घाबरणं आहे, तर आधी भीती काढा. डोळ्यांच्या पातळीला या, वरून झुकू नका. एक ब्रश त्यांच्या हातात द्या, एक तुमच्या. तुम्ही सुरुवात करा, पुढचं त्यांच्या हाताला करू द्या. फारच बिनसलं तर तुम्ही बाजूला व्हा आणि दुसरीने यावं, "अगं तू जा, मी बघते काकूंकडे", म्हणजे ती एकदम काकूंच्या पक्षाची होते. हा नाटकी प्रकार इतका चालतो की आम्ही कधी कधी मुद्दाम भांडतो. बोटं दातांमध्ये घालायची नाहीत, कितीही शांत माणूस असला तरी चावा बसू शकतो. कवळी रात्री काढायचीच, गार पाण्यात ठेवायची. कवळ्या अदलाबदल होतात, हसू नका, आमच्याकडे झालेली आहे, दोन आज्या दोन दिवस कण्हत होत्या आणि आम्ही औषधं बदलत होतो.

टीपा स्नो या ऑक्युपेशनल थेरपिस्टची हाताखाली हात ही युक्ती मला दाढी करताना सापडली. आमच्याकडचे एक मास्तर, दाढीला कुणालाच हात लावू देत नव्हते, मान फिरवायचे, ब्लेडपाशी मान फिरवणारा माणूस म्हणजे माझाच जीव वर. मग त्यांच्या हाताखाली माझा हात घातला, म्हणजे त्यांचा वर, माझा खाली, रेझर माझ्या बोटांत पण हलवतायत ते. पहिल्या फटक्याला थबकले. मग गाल फुगवून आतून जीभ लावली. वरच्या ओठाशी आले तेव्हा ओठ आत ओढला. आयुष्यभर जसं केलं तसं. हे मला येत नव्हतं हो, जीभ गालाला कुठे लावायची ते. नाव, गाव, मुलं सगळं गेलं होतं त्यांचं, पण हाताला दाढी पाठ होती.

आणि बोलणं. माझा सर्वात जुना आणि न जाणारा दोष. "चला चला, आपण आता छान छान आंघोळ करायची हं, शहाणी माझी बाय ती." मराठीत हे किती सहज येतं. 'आपण' म्हणजे फक्त तुम्ही, 'करायची' म्हणजे हुकूम, आणि 'हं' म्हणजे हुकमावर साखर. प्रेमानेच बोलायचे मी. पण क्रिस्टीन विल्यम्स या नर्स-संशोधिकेने २००९ मध्ये नर्सिंग होममधले व्हिडिओ सेकंद सेकंद तपासले, तर नेहमीच्या मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोललं तेव्हा विरोधाची शक्यता शंभरात २६ होती आणि असं लाडीगोडीचं बाळबोली बोललं की ५५. दुपटीहून जास्त. नुसतं गप्प राहिलेलंसुद्धा त्यापेक्षा बरं निघालं. ते वाचून मी तीन दिवस स्वतःकडे लक्ष ठेवलं. सकाळच्या एका पाळीत किती वेळा 'हं' म्हणते ते मोजायला गेले आणि नाश्त्याच्या आतच मोजणं सोडलं.

आता मी "काकू, पाय धुऊ का तुमचे?" एवढंच विचारते आणि थांबते. थांबणं सगळ्यात अवघड. दहा-पंधरा सेकंद काहीच होत नाही, तो काळ नवशिकीला युगासारखा वाटतो आणि ती परत तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारते, मग काकूंना पहिल्यापासून सुरू करावं लागतं. थांबलं की बऱ्याचदा पाय जरासा पुढे सरकतो. तेच उत्तर. आणि कधी कधी स्पष्ट "नको" येतं, तेव्हा मी जाते, अर्ध्या तासाने येते, तोपर्यंत त्यांच्यासाठी मी पुन्हा नवीन झालेली असते. त्या आजाराचा एवढा एक फायदा मी बिनदिक्कत घेते.

नऊ नंबरच्या काकूंशी माझं जमायला दोनेक वर्षं गेली. त्यांना उजव्या खांद्याची दुखापत होती हे डॉक्टरांनी नंतर शोधलं, म्हणजे पहिल्या दिवशी मी जो हात वर ओढून धरला होता तोच. आता आंघोळीच्या आधी त्यांना दुखण्याची गोळी मिळायची, अर्धा-पाऊण तास आधी. साबणाचं कापड त्यांच्या डाव्या हातात. त्या पोट पुसायच्या, मग गुडघा, मग परत पोट, परत गुडघा, मी पाठीमागे माझं काम करत राहायची. बरेच दिवस पाठ व्हायची नाही, कधी नुसते पायच.

अशाच एका दिवशी पाय धुऊन झाले, एक हात झाला, आणि त्यांनी कापड माझ्याकडे देऊन स्वच्छ आवाजात सांगितलं, "पुरे." मी चादर घातली. रजिस्टर उघडलं आणि पेन धरून बसले. झाली म्हणावी तर पाठ राहिलीये. नाकारली म्हणावी तर दोन पाय आणि एक हात धुतलेत, त्यातला अर्धा त्यांनी स्वतः. शेवटी दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर बारीक अक्षरात लिहिलं, 'पाय व डावा हात केले, बाकी उद्या, काकू पुरे म्हणाल्या.'

सुपरवायझर मॅडमनी संध्याकाळी रजिस्टर माझ्यासमोर धरलं. हे कुठे मोजू, म्हणाल्या. मी म्हटलं, मला पण तेच कळेना. त्यांनी जरा वेळ ती ओळ वाचली, आणि खाली सही केली. टिक कुठेच केली नाही.